पाच महिन्यांची मंडळी

प्रियंवदा समुद्रे मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त होऊन चार महिने झाले नाहीत तोवर त्यांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पास्टर विनय भोरे घरी आले आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी विषय काढला. अमेरिकेत एक संस्था होती. तिकडं मेक्सिकोहून टोमॅटो आणि स्ट्रॉबेरी तोडायला येणाऱ्या मजुरांमध्ये ती येशूच्या सुवार्तेचं काम करायची. आता तिला भारतातही तसंच काम सुरू करायचं होतं. कोल्हापुरात दर हंगामाला बीड-नगरकडून हजारो ऊसतोड मजूर येतात, हे पास्टरांनी तिला कळवलं होतं.

"कमिटीनं प्रार्थना केली सिस्टर. सगळ्यांच्या मनात तुमचंच नाव आलं."

"आणि माझे गुडघे? ते कुणाच्या मनात आले नाहीत?"

पास्टर हसले. बाईंना नाही म्हणवेना. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला होती, आणि दुपार कशी संपवायची हा रोजचा प्रश्न होताच. शिवाय या विनयला त्यांनी शब्बाथ शाळेत दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या. तो कधी काही मागायला आला, की त्यांना तो हाफ पँटमधलाच दिसायचा.

१९९८च्या नोव्हेंबरात त्या पहिल्यांदा कसबा बावड्याला गेल्या. केएमटीच्या बसमधून उतरून उसातल्या वाटेनं दहा मिनिटं चाललं, की विजयसिंह पाटलांचं पडीक रान लागायचं. तिथं पाचटाच्या चाळीसेक कोप्या, मजुरांच्या झोपड्या, उभ्या होत्या. पहिल्या दिवशी त्या सकाळी अकराला पोचल्या. तिथं होत्या दोन म्हाताऱ्या, झोळीत झोपलेली बाळं आणि चार कुत्री. बाकी सगळे पहाटेच उसाच्या फडात गेले होते. दुसऱ्या दिवशी त्या तीन वाजता गेल्या. बायका नुकत्याच परतल्या होत्या. डोक्यावर वाढ्यांचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे, अंगभर उसाच्या पात्यांचे चरे. कुणी चूल पेटवत होतं, कुणी पाण्याला निघालं होतं. पुरुष मिळेल त्या सावलीत आडवे झाले होते. बाईंनी गीत सुरू केलं. दुसऱ्या कडव्यालाच ट्रकचा हॉर्न वाजला आणि समोरची माणसं उठून गेली, कारण ट्रक भरायचा होता.

असे पंधरा दिवस गेले. पास्टरांनी एक छापील फॉर्म दिला होता, तो दर शनिवारी भरून द्यायचा. किती जणांनी सुवार्ता ऐकली, किती जणांनी येशूला स्वीकारायचा निर्णय घेतला, बाप्तिस्म्याला किती तयार आहेत. बाई पहिल्या रकान्यात आकडा लिहायच्या आणि उरलेल्या दोन रकान्यांत शून्य. शून्य काढताना पेन जरा जोरातच टेकायचं.

तिसऱ्या आठवड्यात एका बाळाचा कान वाहत होता. बाईंना राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली जुनी दवाखान्याची बॅग सोबत नेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा बायका येऊन बसल्या. बाई प्रार्थना करायच्या, बायका डोळे मिटून बसायच्या, आणि 'आमेन' म्हटलं की अकराच्या अकरा हात पुढं यायचे. एकदा पुढं बसलेल्या बायडाबाईनं मध्येच एक डोळा उघडून विचारलं, "शिस्टर, परार्थना झाली का? म्हंजे गोळ्या घ्यायला बरं."

तिनं ते थट्टेनं विचारलं नव्हतं. मागं झोळीतलं पोर रडत होतं आणि तिला खरंच वेळ नव्हता. पण परतीच्या बसमध्ये बाईंचा जीव नुसता चडफडत राहिला. एकतीस वर्षं त्यांनी औषध दिलं होतं आणि त्याबद्दल कुणाकडून प्रार्थना वसूल केली नव्हती. आता जणू तिकीट लावल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी क्रम उलटा केला. आधी गोळ्या, मग प्रार्थना. प्रार्थनेला उरल्या दोघी, एक ऐकू न येणारी म्हातारी आणि बायडाबाई.

बायडाबाई सत्तावीस वर्षांची होती. लग्न तेराव्या वर्षी झालेलं, तीन लेकरं, नवरा लिंबाजी. दोघं मिळून एक कोयता. तो तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. त्या दिवशी सगळ्या गेल्यावर ती मागं थांबली.

"शिस्टर, एक इचारू का? पिशवी काढल्यावर किती दिसांनी मोळी उचलता येती?"

"कसली पिशवी?"

तिनं पोटावर हात ठेवला.

बाईंनी तिला कोपीत नेऊन नीट विचारलं. दोन वर्षं अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात कळ यायची, कंबर धरायची. गावाकडं मुकादमानं एका डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टरनं पोटाला हातही न लावता सांगितलं, पिशवी सडलीय, ठेवलीस तर कॅन्सर होईल. मुकादम म्हणाला, तीन लेकरं झालीत, आता पिशवीचा उपयोग काय? दर महिन्याला चार दिवस काम बुडतं ते तरी थांबेल. टोळीतल्या सहा जणींचं झालं होतं. सगळ्यात लहान होती चोवीस वर्षांची.

बाईंनी तिचा हात पोटावरून काढून आपल्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "कुणी काही सांगू दे, मी सांगेपर्यंत काही काढायचं नाही. कळलं?"

राजारामपुरीत डॉक्टर संयोगिता निंबाळकरांचा दवाखाना होता. शिकत असताना त्या काही महिने मिशनच्या दवाखान्यात होत्या आणि समुद्रे सिस्टरांचा ओरडा त्यांनी भरपूर खाल्ला होता. बायडाबाईला तिथवर न्यायला मात्र नऊ दिवस लागले. रोज ट्रक, रोज फड. शेवटी कारखान्याचा बॉयलर साफ करायला घेतला, तोड बंद राहिली, तेव्हा कुठं जमलं. संयोगिताबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, चिठ्ठी लिहून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

"पिशवीला काही झालेलं नाही. साधं इन्फेक्शन आहे. चौदा दिवसांचा कोर्स देते, पण नवऱ्यानंही घ्यायचा. नाहीतर हिला परत होणार."

बायडाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चला, सैपाक ऱ्हायलाय."

लिंबाजीला समजावणं सोपं नव्हतं. "मला काय धाड भरलीया?" तो म्हणाला. बाईंनी बाजूला घेऊन त्याला सगळं उघड सांगितलं, अगदी नर्सिंगच्या पोरींना सांगावं तसं. तो मान खाली घालून पायानं ढेकूळ फोडत राहिला. शेवटी त्यानं गोळ्यांची पाकिटं बंडीच्या खिशात घातली. बाई रोज विचारायच्या, "घेतली का?" तो म्हणायचा, "हाव."

मार्चपर्यंत बायडाबाईचा चेहरा उजळला होता. प्रार्थनेला ती आता दोन्ही डोळे मिटून बसायची. एकदा तिनं बाईंना विचारलंही, "तुमचा देव बायामान्साचं ऐकतो का वो?" बाईंनी बायबलातली, रक्तस्रावानं बारा वर्षं आजारी असलेल्या बाईची गोष्ट सांगायला घेतली. तेवढ्यात लिंबाजीनं हाक मारली आणि गोष्ट तिथंच राहिली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाई रानात पोचल्या तर कोप्या मोडलेल्या होत्या. राख, फाटक्या चपला, एक तुटकी चूल. हंगाम संपून पट्टा पडला होता आणि आदल्या दिवशीच टोळी गेली होती. निरोप द्यायला कुणाला सुचलं नव्हतं.

पास्टरांच्या ऑफिसात त्या वर्षाचे फॉर्म गठ्ठ्यानं ठेवलेले होते. "सिस्टर, पाच महिन्यांत एकही निर्णय नाही," पास्टर हळू आवाजात म्हणाले. "मी तिकडं काय लिहू?"

"लिहा की एका बाईची पिशवी वाचली."

"त्याला रकाना नाही सिस्टर."

"मग मला तिच्या गावी पाठवा. सात महिने ही माणसं तिकडंच असतात. इथं पेरायचं आणि तिकडं जाऊन बघायचं नाही, हे कसलं काम?"

"तो भाग आपला नाही. तिकडं दुसरी मंडळी आहे. त्यांना पत्र लिहितो."

पत्र गेलं की नाही, बाईंना कधी कळलं नाही. उत्तर मात्र आलं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात टोळी परत आली. बाई पहिल्याच दिवशी गेल्या. बायडाबाई कोपीच्या दाराशी बसून भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं, आणि बाईंना तिच्या तोंडावरूनच काय ते समजलं.

"कधी केलं?"

"आखाडात."

"का? का केलंस बायडे? मी तुला सांगितलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. चिठ्ठी होती ना तुझ्याकडं?"

"चिठ्ठी दावली की मी. त्यो डाक्टर म्हनला, कोल्लापूरच्या बाईला काय कळतंय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "परत जायला लागलं व्हतं शिस्टर. लई जायचं. मुकादम गाडीच घेऊन आला दारात. सासू म्हनली, जा. ह्यो म्हनला, जा. मी कुनाला इचारायचं? तुमी तर हितं."

"परत कसं जायला लागलं? गोळ्या तर दोघांनी घेतल्या होत्या."

बायडाबाई भाकरी तव्यावरून उतरवून उठली. आत गेली आणि पत्र्याच्या डब्यातून लिंबाजीची पाकिटं घेऊन आली. एकही गोळी काढलेली नव्हती.

त्या दिवशी बाई लिंबाजीला सगळ्या कोप्यांसमोर बोलल्या. आयुष्यात इतक्या मोठ्यानं त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. तो म्हणाला, "बाई, दुखणं बाईचं आन गोळी गड्यानं खायची, हे आमच्यात कुनाला पटंल? हसत्याल लोक." तो खोटं बोलत नव्हता. त्यामुळं बाईंचा राग आणखीच वाढला, आणि तो काढायला समोर कुणी राहिलं नाही.

बायडाबाईची कंबर पहिल्यापेक्षा जास्त दुखत होती. अंगातून वाफा निघायच्या, हात सुजायचे. मोळ्या मात्र ती तेवढ्याच उचलत होती. बाई घरी येऊन गुडघ्यांवर बसायच्या, पण प्रार्थनेला शब्द यायचे नाहीत. यायची ती तक्रार. हे काम मी मागितलं नव्हतं. दिलंस तर मग निदान सात महिने डोळे मिटून बसू नकोस.

जानेवारीत वॉल्टरसाहेब आले. त्या अमेरिकन संस्थेचे सत्तरीचे गृहस्थ, उन्हानं रापलेले, हातात टोपी. कमिटीचे चौघे आणि पास्टर त्यांना घेऊन कोप्यांवर आले. बायकांना सतरंजीवर बसवलं होतं. साहेबांनी खुर्ची नको म्हणून सांगितलं आणि ते पालथ्या घमेल्यावर बसले.

त्यांनी इंग्रजीत विचारलं, "या बायकांना सगळ्यात जास्त कशाची गरज आहे?"

पास्टर बायकांकडं वळले. "साहेब विचारतायत, प्रभूबद्दल ऐकून तुम्हाला कसं वाटतं?"

बाईंनी चमकून बघितलं. एकतीस वर्षं त्या अमेरिकन डॉक्टरांच्या हाताखाली होत्या. इंग्रजी बोलताना अडखळायच्या, पण समजायचं सगळं. बायका एकमेकींकडं बघून म्हणाल्या, "बरं वाटतं." बायडाबाई म्हणाली, "बरं वाटतं, पर बाईमान्साला आडोसा न्हाई. पानी लांबून आनावं लागतं. त्येचं काय तरी बगा."

पास्टर इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, इथं तिला मनाची शांती मिळाली."

"नाही," समुद्रेबाई उभ्या राहिल्या. "ती तसं म्हणाली नाही." आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सगळं सांगितलं. आडोसा, पाणी, मोळ्या, पांढरं जाणं, चोवीस वर्षांच्या पोरींच्या काढलेल्या पिशव्या. व्याकरण सुटत होतं, त्या थांबल्या नाहीत. पास्टरांचा चेहरा लाल झाला होता. कमिटीतले एकजण घड्याळ बघत होते.

वॉल्टरसाहेबांनी वहीत काहीबाही लिहून घेतलं. गाडीकडं जाताना ते बाईंच्या शेजारून चालत होते. म्हणाले, "आमच्याकडंही हंगाम संपला की मजूर ट्रक भरून निघून जातात. चौतीस वर्षं मी हेच बघतोय. ओळख होते तोवर माणूस गेलेला असतो."

"मग तुम्ही काय करता?"

"नावं लक्षात ठेवतो," ते म्हणाले. "परत आले तर नावानं हाक मारतो. याच्यापेक्षा जास्त काही मला जमलं नाही." आपण जूनमध्ये निवृत्त होतोय, पण जाण्याआधी ऑफिसात हे सगळं बोलेन, असं त्यांनी सांगितलं.

ते बोलले असावेत. कारण मार्चमध्ये अमेरिकेहून नवीन फॉर्म आला आणि त्यात दोन रकाने वाढलेले होते. एक, किती स्त्रियांनी ऐकलं. दोन, किती पुरुषांनी ऐकलं.

त्याआधी फेब्रुवारीत वेगळंच घडलं होतं. एका दुपारी बायडाबाई स्वतः तिघींना घेऊन आली. त्यातली एक तिची जाऊ बाळाबाई, बावीस वर्षांची, दोन लेकरांची आई.

"शिस्टर, माझं झालं ते झालं. हिला मुकादमानं तारीक दिलीया. पट्टा पडला की न्यायची. तुमी हिला त्या बाईकडं न्या. आन हिच्या नवऱ्याला गोळी मी चारते, तुमी काळजी करू नका. माझा दीर हाय, माझ्यासमोर गिळंल."

बॉयलर पुन्हा बंद होण्याची वाट बघायला वेळ नव्हता. बाई तिघींना ऐन तोडीच्या दिवसांत घेऊन गेल्या. केएमटीत चौघी दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि बाळाबाई खिडकीतून राजारामपुरीतली कापडदुकानं बघत होती. संयोगिताबाईंनी तिघींना तपासलं. एकीच्या गर्भाशयात गाठ होती, ती पुढं बघावी लागणार होती. बाळाबाई आणि तिसरीला गोळ्या पुरेशा होत्या.

परत आल्या तर मुकादम वाटेतच उभा होता. तीन बायका फडात नव्हत्या म्हणून एक ट्रक अर्धा राहिला होता.

"ओ बाई! माझी टोळी फिरवायला कुनी सांगितलं तुमाला?"

"आजारी बायकांना डॉक्टरकडं नेलं."

"डाक्टर हाय की आमचा! तुमचं काय चाललंय ते कळतं आमाला. गोळ्या दिऊन बाया बाटवता. थांबा, दावतो."

आणि त्यानं दाखवलं. तीन दिवसांनी विजयसिंह पाटलांनी बाईंना घरी बोलावलं. माणूस तसा वाईट नव्हता. चहा आला, भडंगाची बशी आली.

"बाई, तुमचा मला वैयक्तिक काय तरास न्हाय. पण मुकादम गावभर बोंबलत सुटलाय, आणि गावातली पोरं मलाच इचाराय लागल्यात, की अण्णा, तुमच्या रानात बायका बाटवाय लागल्यात व्हय?"

"किती बाटवल्या म्हणतात?"

"पंधरा-वीस."

बाईंना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "अहो पंधरा-वीस! हे आमच्या पास्टरांना सांगा, ते तुम्हाला हार घालतील. दोन वर्षांत एक नाही हो, एकसुद्धा नाही."

पाटलांनी भडंगाची बशी त्यांच्याकडं सरकवली. "माझा इश्वास हाय. पण उद्यापासनं रानात येऊ नका. मला उद्या गाडी जाळली, ऊस पेटवला असलं काय नको."

त्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. वातावरण बरं नाही, पेपरात काय काय येतं, आपल्या चर्चच्या दगडी देवळाला नवीन काचा आत्ताच बसवल्यात. पास्टर म्हणाले, "सिस्टर, हे काम थांबवायचं ठरलंय. तसंही फळ दिसत नव्हतं."

"म्हणजे बघा," बाई म्हणाल्या. "धर्म बदलला म्हणून बावड्यात ओरड आणि बदलला नाही म्हणून देवळात ओरड. दोघांचा गुन्हा मी एकाच वेळी केलाय. मला एकदा कुणीतरी सांगा, मी नेमकं काय करायला पाहिजे होतं?"

एकानं प्रार्थनेनं सभा बंद करायची सूचना केली. बाईंनी उरलेले कोरे फॉर्म टेबलावर ठेवले आणि 'आमेन' व्हायच्या आधीच त्या बाहेर पडल्या. चव्वेचाळीस वर्षं त्या या मंडळीत होत्या, पण असं त्यांनी कधी केलं नव्हतं. त्या रस्त्यावर आल्या. विनय मागून धावत आला. "सिस्टर, मला समजतं हो. पण माझ्यावर सगळ्यांची जबाबदारी आहे."

"तुझ्यावर आहेच बाळ," त्या म्हणाल्या. पास्टरांना त्या कित्येक वर्षांत 'तू' म्हणाल्या नव्हत्या. "मी तुला काही म्हणत नाही. पण त्या दिवशी तू साहेबाला खोटं सांगितलंस, ते तेवढं बरं केलं नाहीस."

तो तिथंच उभा राहिला.

पंधरा दिवस बाई घरात बसून होत्या. मग त्यांना शालूबाई आठवली. कसबा बावड्यात बसस्टॉपच्या मागं शालूबाई कांबळेची पिठाची गिरण होती. शालूबाईचे सासरे छप्पन्न साली बौद्ध झाले होते. घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो, समोर रोज ताजं फूल. तिच्या दोन्ही बाळंतपणांत समुद्रेबाई ड्युटीवर होत्या. टोळीच्या बायका आठवड्याचं दळण बाजाराच्या दिवशी तिच्याकडंच आणायच्या.

"इथं बसा की," शालूबाई म्हणाली. "माझी गिरण, माझा कट्टा. कोण उठवतंय ते बघू. पण एक सांगते बाई, मला तुमचं गाणंबिणं न्हाय चालायचं. मी बुद्धाची."

"मी नुसती बसते."

"नुसत्या कशाला बसताय? औषिदं द्या की."

मार्चचे उरलेले तीन बाजार बाई तिथं पोत्यांच्या आडोशाला बसल्या. मुकादमाला दळणाला बाया जाताना अडवता येत नव्हतं. दळणाला आणलेलं ज्वारीचं गाठोडं रांगेत ठेवायचं आणि तेवढ्या वेळात शिस्टरशी बोलून घ्यायचं. गिरणीचा आवाज इतका मोठा, की एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जायचं नाही. दुखणी सांगायला त्यापेक्षा चांगली जागा नव्हती.

एप्रिलमध्ये टोळी गेली. या वेळी बाईंनी आधीच प्रत्येकीला संयोगिताबाईंच्या सहीशिक्क्याचा कागद आणि दवाखान्याचा फोन नंबर दिला होता. कागदानं फारसं काही होणार नाही याची त्यांना जवळजवळ खात्री होती. मे, जून, जुलै. फोन आला नाही. ऑगस्टमध्ये एकदा संयोगिताबाईंना बीडकडून फोन आला, पण नीट बोलणं व्हायच्या आत तुटला. कोण होतं ते कळलं नाही. बाई दोन रात्री त्याच विचारात होत्या.

नोव्हेंबर २०००. पहिल्या बाजारादिवशी बाई सकाळपासून गिरणीत बसल्या होत्या. दुपारी बायडाबाई आली, पाठोपाठ बाळाबाई. बाईंनी बाळाबाईच्या पोटाकडं बघितलं.

"हाय," बायडाबाई म्हणाली. "जागच्या जागी हाय. मुकादमाची गाडी आली तवा मी हिला घेऊन भावाकडं गेलते, आठ दिस. त्यो वरडून गेला."

"आणि तिसरी?"

बायडाबाईनं मान हलवली. "तिची काढली. कागद दावला, फोन बी लावला. डाक्टरनं फोन हातातून घेऊन ठिवला. तिला कुनी नव्हतं शिस्टर माझ्यावानी भांडनारं."

बाई पोत्यावर बसल्या. तिघींतली एक वाचली होती, एकीच्या गाठीचं अजून बघायचं होतं, आणि एकीची पिशवी गेली होती. वाचलेलीसाठी आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण त्या तिसरीचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. बसमध्ये तिनंच विचारलं होतं, की एवढ्या मोठ्या दुकानातल्या साड्या नेसतं तरी कोण?

"शिस्टर," शेजारी टेकत बायडाबाईनं विचारलं, "तुमच्या देवाला कधी राग येतो का वो?"

बाईंनी तिच्याकडं बघितलं. दोन वर्षांत तिनं आपण होऊन देवाबद्दल विचारलं, अशी ही दुसरीच वेळ. शालूबाईला दिलेला शब्द त्यांना आठवला, म्हणून त्यांनी आवाज खाली ठेवला.

"आला होता एकदा. येशू देवळात गेला, तर तिथं लोकांनी बाजार मांडलेला. गोरगरिबांना लुबाडायचं आणि वर देवाचं नाव. त्यानं दोऱ्यांचा आसूड केला आणि सगळी टेबलं उलथी पाडली."

"उलथी पाडली?" बायडाबाई पुढं सरकली. "खरंच?"

"खरंच. आसूड घेऊन सगळ्यांना हाकललं त्यानं."

"आन मग? त्या लोकांनी त्याला सोडलं?"

"नाही. त्यांनी..."

शालूबाईनं गिरण थांबवली. "बीडवाली! तुझं झालं बघ पीठ!" बाहेर रस्त्यावर ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. बायडाबाई उठली. पिठाचं गाठोडं डोक्यावर घेतलं, एक हात कमरेवर टेकला, आणि जाता जाता म्हणाली, "फुडच्या बाजारी सांगा. इसरू नका."

बाळाबाईनं तिला हात देऊन ट्रकवर चढवलं. शालूबाई पुढचं दळण ओतत होती आणि पलीकडं एक अनोळखी पोरगी, अठराएक वर्षांची, पोटाशी पदर घट्ट धरून उभी होती.

"ये," बाई म्हणाल्या, "इकडं आडोशाला ये. नाव काय तुझं?"